ताप नेमका कधी आला? मेंदूज्वराचं कारण पाठीतल्या पाण्यातून कसं ओळखतात

भंडारा जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे. प्रश्न मोठा होता, थोडक्यात देतो. "माझी पुतणी १९ वर्षांची. रोवणी (भातलावणी) संपता संपता तिला दोन-तीन दिवस बारीक ताप आला, डोकं दुखलं. मग झोप उडाली, असंबद्ध बोलायला लागली, आईला ओळखेना. गावात काहींनी बाहेरचं आहे म्हटलं, तालुक्याच्या डॉक्टरांनी मेंदूज्वर म्हटलं. जपानी मेंदूज्वराची तपासणी निगेटिव्ह आली. तीन आठवड्यांनी नागपुरात पाठीतल्या पाण्यात 'एनएमडीए अँटिबॉडी' सापडली. तिच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूवर हल्ला केला, असं सांगितलं. उपचारानंतर आता बरी आहे. पण थेंबभर पाण्यातून हे कळतं कसं? आणि कळत होतं तर पहिल्याच दिवशी का नाही कळलं?"

सर, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर दिलं की पहिल्याचं निम्मं होऊन जातं.

तुमच्या भागात जंगल जवळ आहे, म्हणून हे उदाहरण. वनरक्षकाला वाघ रोज दिसत नाही, पंजाचा ठसा दिसतो. जाणता वनरक्षक त्या ठशावरून दोन गोष्टी सांगतो: कुणाचा आहे आणि किती वेळापूर्वीचा आहे. मेंदूची सूज आम्ही अशीच वाचतो. मेंदू उघडून बघता येत नाही, आणि विषाणू बऱ्याचदा पाठीतल्या पाण्यात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, सापडतच नाही. सापडतात ते प्रतिकारशक्तीने मागे सोडलेले ठसे. त्यांनाच 'इम्यून मार्कर' म्हणतात. गडबड होते ती दुसऱ्या गोष्टीत. ठसा कुणाचा हे प्रयोगशाळा सांगते, पण किती दिवसांपूर्वीचा हे नातेवाइकांना विचारावं लागतं. तिथे आपण सगळेच, डॉक्टरही, फार ढिले आहोत.

एक प्रसंग सांगतो. सात वर्षांचा मुलगा, झटके येऊन बेशुद्ध. आईने गडबडीत सांगितलं, "आठ दिवसापासून ताप हाये." केसपेपरवर तेच आलं. त्याच रात्री पाठीतलं पाणी काढलं, जपानी मेंदूज्वराची आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर शरीर आधी बनवतं ती अँटिबॉडी, निगेटिव्ह आली. आठव्या दिवशी निगेटिव्ह म्हणजे तो आजार जवळपास नाहीच, असं धरून आमच्या निवासी डॉक्टरने त्यावर काट मारली. दुसऱ्या दिवशी राउंडला आजी पलंगाशी बसली होती. मी सहज विचारलं, ताप कधी आला? आजी उसळलीच. "काह्याचे आठ दिवस! तान्ह्या पोळ्याले त नंदी घेऊन गावभर हिंडला थो, बोजारा मागत." तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी नंदीचा पोळा, होऊन तीन दिवस झाले होते. आधीचे सहा दिवस ती साधी सर्दी होती, आईने सर्दी आणि ताप एकत्र मोजले होते. म्हणजे पाणी काढलं तो तापाचा दुसरा दिवस होता, आठवा नव्हे. आठवडाभराने पुन्हा नमुना पाठवला, आयजीएम ठसठशीत पॉझिटिव्ह. पहिला रिपोर्ट चुकीचा नव्हता. आम्ही तो चुकीच्या तारखेला ठेवून वाचला होता.

तेव्हापासून मी तारीख विचारत नाही, सण विचारतो. पोळ्याला पोळी खाल्ली का? गणपती बसले त्या दिवशी आरतीला होता का? शेवटचं शेतावर कधी गेला? बायांना रोवणीची मजुरी मिळाल्याचा दिवस पक्का आठवतो.

आता ठसे कोणत्या क्रमाने उमटतात ते बघा.

विषाणू शिरला की पहिल्या काही तासांतच शरीर धोक्याची घंटा वाजवतं. इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन-६, सीएक्ससीएल-१० अशी रसायनं (सायटोकाइन) रक्तात आणि पाण्यात वाढतात. इंटरफेरॉन-गॅमाच्या इशाऱ्यावर मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी निओप्टेरिन नावाचं द्रव्य तयार करतात, पाठीतल्या पाण्यात ते वाढलेलं सापडलं की मेंदूत दाह चालू आहे याची चांगली खूण मिळते. ही घंटा लवकर वाजते हा तिचा मोठा गुण. पण चोर आला, कुत्रं आलं की वारा सुटला, हे ती सांगत नाही. निओप्टेरिन विषाणूच्या मेंदूज्वरात वाढतं, तसंच लसीनंतर किंवा संसर्गानंतर प्रतिकारशक्ती बिथरून होणाऱ्या दाहातही वाढतं.

मग येतात अँटिबॉडी. या त्या-त्या जंतूच्या मापाने बनतात, म्हणून नाव सांगू शकतात. पण बनायला वेळ घेतात. जपानी मेंदूज्वराची आयजीएम पहिल्या तीन-चार दिवसांत पाण्यात नसू शकते, सातव्या दिवसापर्यंत बहुतेक सगळ्यांत सापडते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं किट सरकारी प्रयोगशाळांत यासाठी वापरतात. किट चांगलं आहे, पण जे अजून तयारच झालेलं नाही ते त्याला दिसणार कसं?

याची सगळ्यात क्रूर बाजू आपल्याच जिल्ह्यांनी पाहिली आहे. चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या ताप आलेल्या रुग्णांच्या रक्तात पहिल्यांदा सापडला, गावाचं नाव त्याला तिथूनच मिळालं. पुढे बरीच वर्षं त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. २००३ च्या पावसाळ्यात आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली, आणि विदर्भातही मुलं गेली. वाळूमाशीतून पसरणारा हा आजार इतका झपाट्याने जातो की सकाळी अंगणात खेळणारं मूल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात राहत नाही. त्या मुलाच्या शरीराला अँटिबॉडी बनवायला वेळच मिळत नाही. तिथे आयजीएम मागवणं म्हणजे गाडी निघून गेल्यावर स्टँडवर चौकशी करणं. तिथे खुद्द विषाणूचा अंश शोधणारी पीसीआर लागते. आणखी एक चकवा म्हणजे या आजारात पाठीतलं पाणी बऱ्याचदा जवळपास निर्मळ दिसतं, पेशी वाढलेल्या नसतात. "पाणी साफ आहे, मेंदूला काही नाही" हे वाक्य मी ऐकलं आहे, आणि त्याचा परिणामही पाहिला आहे.

उलट टोकाला अँटिबॉडी फार दिवस रेंगाळते. स्क्रब टायफसची, म्हणजे सूक्ष्म कोळी चावून होणाऱ्या तापाची, आयजीएम आजार बरा झाल्यावरही काही महिने रक्तात राहू शकते. गवतात, धुऱ्यावर, झुडपात वावरणाऱ्या माणसाला मागच्या हंगामात चाटून गेलेला संसर्ग या हंगामात पॉझिटिव्ह म्हणून समोर येतो. जपानी मेंदूज्वराचं तर असं की विषाणू शिरलेल्या शेकडो लोकांतल्या एखाद्यालाच मेंदूचा आजार होतो, बाकीच्यांना कळतही नाही. म्हणून नुसत्या रक्तातल्या आयजीएमवर मी फार विसंबत नाही. लस नुकतीच दिली असेल तरी ती रक्तात दिसू शकते, आणि डेंगीच्या अँटिबॉडीशी तिची गल्लत होते. पाठीतल्या पाण्यात सापडली तर गोष्ट वेगळी. तिथे ती मेंदूच्या परिसरातच तयार झालेली असण्याची शक्यता बरीच जास्त.

स्क्रब टायफसवर दोन शब्द जास्त बोलतो, कारण यात औषध स्वस्त आहे आणि तरी माणसं जातात. उत्तर प्रदेशात गोरखपूरच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं मुलं मेंदूज्वराने मरत होती. जपानी मेंदूज्वराची लस आली, ते रुग्ण घटले, पण वॉर्ड भरलेलेच राहिले. नीट शोधल्यावर त्यातला मोठा वाटा स्क्रब टायफसचा निघाला. डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिन, इतकं साधं औषध. आपल्याकडेही पावसाळा सरताना हे रुग्ण येतात. इथे मी प्रयोगशाळेआधी डोळ्यांना कामाला लावतो. सूक्ष्म कोळी चावतो तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते, दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कानामागे. एकदा एका शेतमजुराची खपली करगोट्याखाली सापडली. तीन डॉक्टरांनी तपासलं होतं, दोरा कुणी सरकवला नव्हता. ही खपलीही मार्करच आहे, फुकट मिळणारा.

आता तुमच्या पुतणीकडे येतो.

तिच्या बाबतीत पहिल्या दिवशी शोधायला गेलो असतो तर काय शोधलं असतं? दोन-तीन दिवस ताप, डोकेदुखी, मग वागण्यात बदल. हे चित्र विषाणूच्या मेंदूज्वरातही दिसतं. पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी थोड्या वाढतात, त्या दोन्हीकडे वाढतात. एमआरआय या आजारात निम्म्याहून जास्त जणांचा नॉर्मल येतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी विषाणू आणि जिवाणूंचा विचार केला यात चूक नाही, मीही तेच केलं असतं. पण एका तरुण मुलीचं वागणं आठवडाभरात बदलतं, झोप उडते, ती तोंडाची चावल्यासारखी हालचाल करत राहते, मधेच पुतळ्यासारखी थिजते, झटके येतात, नाडी आणि रक्तदाब वर-खाली होतात. यातलं एखाद-दुसरं जमू लागलं की स्वप्रतिकाराचा मेंदूदाह मनात यायलाच हवा. तो विचार किती उशिरा आला, यावर माझी तक्रार असू शकते.

हा आजार डॉक्टरांनाही जुना नाही. मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप डॅलमॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एनएमडीए रिसेप्टरविरुद्धची, म्हणजे मेंदूच्या पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या एका घटकाविरुद्धची, अँटिबॉडी ओळखली. मी शिकत होतो तेव्हा अशा मुलींना मानसोपचार विभागात पाठवत, त्याआधीच्या पिढीत भगताकडे. मागे वळून बघताना दोन-तीन चेहरे आठवतात, त्यांना नक्की हेच असावं असं वाटतं.

अँटिबॉडी शोधतात कशी, ते बघण्यासारखं आहे. प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी वाढवतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर एनएमडीए रिसेप्टर उमटेल असं करतात. त्या काचेवर रुग्णाचं पाणी टाकतात. पाण्यात त्या रिसेप्टरला चिकटणारी अँटिबॉडी असेल तर ती चिकटून बसते, मग तिच्यावर चमकणारा रंग लावतात. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर पेशींच्या कडा हिरव्या चमकतात. शेजारच्या काचेवर रिसेप्टर नसलेल्या पेशी असतात, त्या अंधारातच राहतात. तुमच्या पुतणीच्या पाण्याने त्या पेशी उजळल्या, एवढंच तो रिपोर्ट सांगतो. पण ते एवढंच फार मोठं आहे, कारण इथे अँटिबॉडी हीच आजाराचं कारण आहे. जपानी मेंदूज्वरात ती पाहुण्याची पावती असते, इथे पाहुणाच ती.

इथे एक चूक वारंवार होते, म्हणून खडसावून सांगतो. एनएमडीएसाठी पाणीच पाठवा. नुसतं रक्त पाठवलं तर सातातला एखादा रुग्ण निसटतो, पाण्यात पॉझिटिव्ह आणि रक्तात निगेटिव्ह. याच कुळातल्या एलजीआय-१ अँटिबॉडीचं नेमकं उलट आहे. पन्नाशी-साठीतला माणूस, विसरभोळा होत चालला आहे, एका बाजूचा चेहरा आणि हात क्षणभर ओढल्यासारखा होतो, दिवसातून कितीतरी वेळा, आणि रक्तातलं सोडियम कमी. त्याच्यात अँटिबॉडी रक्तात जास्त खात्रीने सापडते. म्हणून शक्य असेल तर दोन्ही पाठवा.

आणि नमुना घ्या औषधाच्या आधी. इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या चढवल्यावर पाठवलेल्या रक्तात त्या हजारो रक्तदात्यांच्या अँटिबॉडी असतात, मग कशाचीही आयजीजी (अँटिबॉडीचाच दुसरा प्रकार) पॉझिटिव्ह यायला लागते. जादा नळी आधी काढून गोठवून ठेवली की पुढे कधीही तपासता येते. तालुक्याच्या ठिकाणी पाणी काढणाऱ्या प्रत्येक तरुण डॉक्टरला मी हेच सांगतो: तीन नळ्या पाठवायच्या त्या पाठव, चौथी शीतपेटीत ठेव, वर तारीख आणि वेळ लिही. उन्हात ठेवू नको, निओप्टेरिन तर उजेडानेही खराब होतं. सायटोकाइन उघड्यावर काही तासांत उतरतात. एकदा आमच्याकडे एक नमुना एसटीने आला. थर्मासमधला बर्फ कधीच विरघळला होता, नळीवरचं नावही पुसून गेलं होतं. त्या नळीतून काय वाचणार?

पाणी काढण्याची भीती मात्र तुम्ही गावात बोलून घालवा, सर. पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो, असं मी अजून ऐकतो, आणि नकार देऊन घरी गेलेल्यांची संख्या थोडी नाही. मोठ्या माणसात हे पाणी सुमारे १५० मिलिलीटर असतं आणि शरीर दिवसाला जवळपास ५०० मिलिलीटर नवं तयार करतं. आम्ही १० मिलिलीटर काढलं तर अर्ध्या तासात भरून निघतं. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांत जाते, तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. नंतर डोकं दुखू शकतं, ते खरं आहे. मेंदूत दाब वाढलेला दिसला तर आम्हीच आधी थांबतो.

तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न येणारच: एकाच चाचणीत सगळी कारणं का नाही सांगता येत? त्यावर काम चालू आहे. एकेका मार्करऐवजी अनेक मार्करांचा मेळ बघायचा. विषाणूच्या दाहात इंटरफेरॉनच्या बाजूची रसायनं, जसं सीएक्ससीएल-१०, उसळतात. बी-पेशींना बोलावणारं सीएक्ससीएल-१३ एनएमडीएच्या आजारात सुरुवातीला वाढतं. पण तेच न्यूरोसिफिलिसमध्येही (मेंदूतल्या सिफिलिसमध्ये) वाढतं, म्हणून एकटं बघून निकाल देता येत नाही. क्षयाच्या मेंदूज्वरात एडीए नावाचं एन्झाइम मोजतात, तेही असंच, झुकतं माप देतं, शिक्का मारत नाही. इंग्लंडमध्ये २०३ रुग्णांचा नेटाने शोध घेतला, तो निकाल २०१० मध्ये आला: ४२ टक्क्यांत संसर्ग, २१ टक्क्यांत स्वप्रतिकार, आणि ३७ टक्क्यांत कारण सापडलंच नाही. एवढ्या सोयी असलेल्या देशात. तेव्हा तालुक्याला कारण कळलं नाही म्हणून कुणाला दोष द्यायला मी धजत नाही.

म्हणूनच औषध रिपोर्टची वाट बघत थांबत नाही. तापासोबत शुद्ध हरपलेला रुग्ण आला की हर्पीससाठी अॅसायक्लोव्हिर, जिवाणूसाठी सेफ्ट्रियाक्झोन आणि आपल्या भागात, पावसाळ्यात आणि नंतर, डॉक्सिसायक्लिन हे पहिल्या तासांतच सुरू करायचं. नंतर मार्कर आले की जे नको ते बंद. हर्पीसची पीसीआरसुद्धा पहिल्या तीन दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, संशय दाट असेल तर पुन्हा पाणी काढावं लागतं. आणि हर्पीसचा मेंदूज्वर बरा होत असताना साधारण चारातल्या एका रुग्णात पुढच्या काही आठवड्यांत स्वप्रतिकाराचा मेंदूदाह उभा राहतो, बऱ्याच जणांत हाच एनएमडीएचा. दोन आजार एकामागोमाग. घरचे म्हणतात, "बरा झाला होता, परत तेच." ते परत तेच नसतं, आणि औषधही वेगळं लागतं.

पुतणीला स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळालं आणि ती सुधारली, हे अपेक्षितच. या आजारात वेळेवर उपचार मिळालेल्यांपैकी दोन वर्षांनी दहातले आठ चांगल्या स्थितीत असतात, पण सुधारणा महिनोन्‌महिने हळूहळू होते. अजून चिडचिड, विसराळूपणा, झोपेचा घोळ असेल तर घाबरू नका, आणि तिला लगेच परीक्षेला बसवू नका. अँटिबॉडी पुन्हा पुन्हा तपासायला पैसे घालवू नका. बरी झाल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहू शकते, त्या आकड्यावरून औषध ठरत नाही. एक मात्र राहून गेलंय का बघा: तरुण मुलींत या अँटिबॉडीच्या मुळाशी अंडाशयातली गाठ, टेराटोमा, असू शकते. ती काढली की आजार लवकर आटोक्यात येतो. तुमच्या प्रश्नात ओटीपोटाच्या सोनोग्राफीचा उल्लेख नाही. झाली असेल आणि काही दिसलं नसेल, तरी पुढची काही वर्षं दर सहा महिन्यांनी करून घ्या. आधीचे सगळे कागद एका पिशवीत ठेवा, पहिल्या निगेटिव्ह रिपोर्टसह. त्यावर नमुना घेतल्याची तारीख नसेल तर आईला विचारून, रोवणीच्या दिवसांवरून मोजून, आत्ताच पेनाने लिहून टाका.